बर्फावरचा लॅपटॉप

केळवे,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय जागृती,

तुम्ही सगळी मजेत असाल. इकडे आई बऱ्या आहेत, गुडघे सोडले तर. बोंबील सुकायला लागलेत, तुझ्यासाठी चांगले निवडून ठेवलेत.

फोनवर तू दर वेळी वहीचं विचारतेस आणि मी लॅपटॉपचं सांगत बसते. आजही आधी लॅपटॉपचंच सांगते.

आमच्या मेहुलचा तो जुना लॅपटॉप. बिजागरी तुटली तेव्हा तुझ्या दादाने जाळ्याच्या दोऱ्याने झाकण बांधून दिलं. चार्जरची पिन रबराने आवळलेली. बॅटरी फुगली म्हणून काढूनच टाकली. तरी चालायचा बिचारा. पण गेल्या महिन्यात इतका तापायला लागला की हात लावता येईना. आई म्हणाल्या, तापतो तर बरफावर ठेव. मलाही पटलं. आपल्या घरात दुसरं काय सुचणार? मासळीच्या खोक्यात बर्फ, त्यावर प्लास्टिक, त्यावर लॅपटॉप. पंधरा मिनिटं छान गार राहिला, मग पडदा काळा झाला. उचलला तर खालून पाणी ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी बोईसरला भगवंतच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने उघडून बघितलं.

"ताई, हा काय पापलेट हाय बरफावर ठेवायला?"

मला हसता आलं नाही. आत काय आहे, त्याने विचारलं. सासूबाईंची लग्नाची गाणी, मी म्हटलं, एकशे बारा, नणंदेच्या वहीवरून टाइप केलेली. मग वहीवरून परत करा की, तो म्हणाला.

जागृती, वही नाही.

दोन वर्षांपूर्वी माळ्यावरची पेटी उघडली तर वाळवीने नुसती माती ठेवली होती. चौदाव्या वर्षी आईंच्या शेजारी बसून तू लिहिलेली वही. देताना बजावलं होतंस, पेटीत ठेवू नको. टाइप करून झाल्यावर मी पेटीतच ठेवली. वाटलं, आमच्या तेजलच्या लग्नाआधी गाणी छापून तुझ्या हातात दिली की तू वही मागणार नाहीस. लॅपटॉपमधली गाणी दुसरीकडेही उतरवून ठेव, असं मेहुल सांगायचा, मी उद्या म्हणायचे. आणि आईंना आता दोन ओळींपुढे गाणं आठवत नाही.

भगवंतने सगळं सुटं करून स्पिरिट आणि ब्रशने पुसलं, चार दिवस वाळवलं. पाचव्या दिवशी फोन आला, चालू झाला, या. कीबोर्ड गेला, बाहेरून दुसरा जोडलाय. पण गाणी सगळी आहेत, मी दुकानात उभ्याउभ्याच बघितली. लगेच पेन ड्राइव्हमध्ये घेतली, शेजारच्या दुकानात दोन प्रती छापल्या. रिक्षात बसल्यावर कळलं, इतके दिवस मी खांदे आखडूनच वावरत होते.

घरी येऊन आईंना सगळं सांगितलं. त्या बोंबील उलटत राहिल्या.

"वही वाळवीनं खाल्ली ती मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "तू कवा सांगतस ती मी बगत होती. आता तिला सांग."

म्हणून पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा चार्जरवरच घसरले असते.

गाणी वाचली, पण तुझं ते लहानपणचं अक्षर माझ्यामुळे गेलं. ते कुठल्याही दुकानात परत मिळणार नाही. रविवारी छापील प्रत घेऊन पालघरला येते. तुला जे बोलायचं ते दारातच बोल, मी ऐकून घेईन. मग आत घेतलंस तर तेजलच्या हळदीला पहिलं गाणं कोणतं, ते तू ठरव.

तुझी वही सांभाळू न शकलेली,
पुष्पलतावहिनी