चाळून वेगळं काढलेलं

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. फोन सोडून पत्र का, म्हणून तू चक्रावशील. फोनवर माझा आवाज कापला असता आणि तू लगेच माझ्या जावयालाच फोन लावला असतास. शेजारचा ड्रायव्हर तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती देतोय. बसून वाच.

काल लेकीचा फोन आला. नेहमीसारखा स्पीकरवर, जावई शेजारी. "आमच्यात सीक्रेट काही नसतं, बाबा," असं तो दर वेळी हसून म्हणतो. कालही म्हणाला. तेवढ्यात तिनं विचारलं, "बाबा, सीक्रेट हा शब्द आला कुठून हो?"

झालं! इंग्रजीच्या मास्तराला आणखी काय हवं? मी सुरू झालो. मूळ लॅटिन. अर्थ, चाळून बाजूला काढणं. चारचौघांपासून वेगळं ठेवलेलं ते सीक्रेट. गुपित हा अर्थ मागून चिकटला.

"आणि वेगळं काढलेल्याचं पुढे काय करतात?"

"ते डिक्शनरीत नसतं, बाळा," म्हणून मी खो खो हसलो. फोन कट झाला. मी खुशीत जेवलोसुद्धा.

आज दाढी करताना हात थांबला. अगं, हा शब्द तिला लहानपणापासून येतो! मीच स्वयंपाकघरात पिठाची चाळणी हलवून शिकवला होता. आल्यागेल्याला ती पाठ म्हणून दाखवायची. मग काल विचारला कशाला?

तिची नोकरी सुटली. मैत्रिणी तुटल्या. तो बाहेर जाताना दाराला कुलूप लावतो, असं तिची शेजारीण मागे म्हणाली होती. "जपतो तिला," असं मीच उत्तर दिलं. लग्न तू जमवलंस, म्हणून तुझ्यापाशी विषय काढला नाही. ताई, चारचौघांपासून वेगळं काढलंय ते तिलाच.

दुपारच्या गाडीनं निघतोय. तिला घेऊन थेट तुझ्याकडे येईन. त्याचा फोन आला तर 'आत्याबाई' ऐकून विरघळू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे मला. पण आज काहीही बोलू नकोस.

आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तुझ्या दारात दिसलो नाही, तर कुणाची भीड धरू नकोस. पोलिसांकडे जा. गल्लीभर ओरड. सगळ्यांना सांग.

फार घाबरलेला,
तुझा धाकटा