कॅसेट अडकली नव्हती

सिस्टर, तुम्ही शाळेत आम्हाला अर्धाच दाखवलेला तो सिनेमा गेल्या रविवारी मी मोबाईलवर पुरा पाहिला. गिटार वाजवणाऱ्या ननची रेकॉर्ड निघते आणि मठातल्या मोठ्या नन्सची तारांबळ उडते, तो. सगळा हसताखेळता मामला. शेवटी ती गाणं सोडून सेवेला निघून जाते. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मग पनवेलच्या आपल्या हॉलमध्ये, तिची रेकॉर्ड गाजायला लागते नेमक्या त्याच जागी, तुम्ही उठून व्हीसीआर का बंद केलात? कॅसेट अडकली, म्हणालात. मी पुढच्याच रांगेत होते. कॅसेट सरळ बाहेर आली, फीत जराही गुंतलेली नव्हती. नन खोटं बोलते हे मला तेव्हा कळलं, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली तरी माझा संशय जात नाही.

कारण त्याच आठवड्यात मुंबईहून एक गृहस्थ बालगीतांच्या कॅसेटसाठी आवाज शोधत येणार होते, आणि प्रार्थनेला पुढे उभी राहून गाणारी मीच होते. तुम्ही मला पेटीच्या खोलीत बोलावलंत. 'आम्ही लेकरे' म्हण, म्हणालात. मी 'आमी' म्हणाले. "ह कुठे गेला?" आमच्या जासई गावच्या बोलीत तो कधी नव्हताच, मी कुठून आणणार? तुम्ही माझा तळवा माझ्याच तोंडासमोर धरलात, ह म्हटला की हाताला वारा लागला पाहिजे. बोलताना लागायचा, गाताना पळून जायचा. शेवटी ते गृहस्थ आले तेव्हा ती ओळ नवीन पनवेलच्या एका मुलीला मिळाली. तिचा ह खणखणीत होता, सुराचं मात्र विचारू नका. मला मागच्या रांगेत ओठ हलवायला उभं केलंत. आई ऐकून एवढंच म्हणाली, "तिला आपली लाज वाटतं, दुसरा काय नाय." त्यानंतर मी घरच्या हळदीतसुद्धा तोंड उघडलं नाही.

कॉलेजात असताना एकदा भेटायला आले होते. तुमचा भाऊ उरणकडून मासळी घेऊन आला होता. खिडकीतून तुमचा आवाज आला, "आमी नाय येत लग्नाला, तुमी जावा." मी बाहेर चपला हातात घेऊन उभी. म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच! मग तेव्हा लाज माझी वाटली होती, की माझ्यामुळे तुमचं बिंग फुटेल अशी भीती? की तुमच्याही आवाजासाठी कधी कोणी आलं होतं? मला तुमची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. त्या दिवशी मी न भेटताच बसस्टॉपवर गेले.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा आले ती फक्त हे विचारायला. प्रश्न रस्ताभर घोकला होता. तो विचारायची गरजच पडली नाही. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि आपणहून म्हणालात, "आमी पन गायचो..."

"आम्ही, सिस्टर," मी म्हटलं. "आम्ही."

मला बरं वाटलं होतं ते म्हणताना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मनगट सोडलंत आणि भिंतीकडे तोंड केलंत. पुढे काय सांगणार होतात, ते मी विचारलं नाही. शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या की तुमच्याबद्दल विचारतात. शेवटी तुम्हाला बोलता येत नव्हतं, असं मी सांगते.