पुस्तकात नसलेली कविता

गुरुजी,

गेल्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. बारामतीतच. सकाळी दहाला सुनेबरोबर रिक्षानं गेलो. डोळ्यात थेंब घातले, टेबलावर निजवलं, डॉक्टरीणबाई माझ्याशी उसाच्या तोडीबद्दल बोलत होत्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "झालं आजोबा, उठा." मी उठेना. म्हटलं, "वाळूच्या पिशव्या कुठायत?" त्यांना काही कळेना. दुपारच्या चहाला मी घरी. निघताना एवढंच विचारलं, "हसलं तर चालेल का?" बाई म्हणाल्या, "पोटभर हसा." मग रिक्षात बसल्यावर तुम्ही आठवलात आणि मला इतकं हसू लोटलं, की सूनबाई रिक्षावाल्याला म्हणाली, "जरा हळू घ्या हो, ह्यांना औषध चढलंय बहुतेक."

तेव्हापासून तुमच्याशीच बोलतोय. आज कागद घेतला.

लासुर्ण्याच्या शाळेत चौथीपर्यंत मी तुमच्या हाताखाली शिकलो, आणि सातवीची फायनल पास होऊन तुमच्याच हाताखाली दुय्यम शिक्षक म्हणून परत आलो. तुम्ही तिसरी-चौथी घ्यायचात, मी पहिली-दुसरी, आणि मध्ये कुडाची भिंत. त्या भिंतीतून तुमच्या कविता माझ्या वर्गात गळायच्या. माझी पोरं पाढे म्हणत असायची आणि मी मात्र कान तिकडं लावून, हातातला खडू तसाच. मुलांच्या डोळ्यांवर तुमची केवढी करडी नजर! कुणाचे डोळे आले, की त्याला वेगळा बसवायचा, तुरटीच्या पाण्यानं धुवायला लावायचं. एकाचा पंचा दुसऱ्यानं वापरला की छडी. खुपऱ्यांची पोरं तुम्ही पापणी उलटून ओळखायचात आणि त्यांच्या आयांना दम भरायचात, "एकाच बोटानं साऱ्या घराला काजळ घालू नका." त्याच तुम्ही एका संध्याकाळी मला म्हणालात, "चंद्राला पडतं तसं हल्ली दिव्याला खळं पडतं रे." मी वीस वर्षांचा, कवितेनं झपाटलेला. मला वाटलं, काय सुंदर उपमा दिली गुरुजींनी! घरी जाऊन मी ती वहीत उतरून घेतली. तुमचे डोळे चाललेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते कळलं उंटामुळं.

जूनमध्ये नवी क्रमिक पुस्तकं आली. भिंतीपलीकडून तुमचा आवाज येतोय, "पान बारा काढा." आणि तुम्ही नदीची कविता वाचायला लागता. किती वर्षं ऐकलेली, तीच चाल, तेच थांबे. मी डोळे मिटून ऐकतोय. पण पलीकडं वर्ग गप्प. नेहमी मागोमाग ओरडणारी पोरं एक अक्षर बोलत नाहीत. मग पहिल्या बाकावरची चिमुरडी धीर करून म्हणते,

"गुरुजी, आमच्यात उंट हाय."

"काय हाय?"

"उंट. चित्राचा. तुमच्यात नदी हाय व्हय?"

पुस्तक मिटल्याचा आवाज येतो. मग म्हणता, "बस खाली. उंटाचं उद्या." संध्याकाळी तुम्ही मला बोलावलंत. म्हणालात, "हा उंटाचा धडा जरा मोठ्यानं वाच, तुझे उच्चार तपासतो." मी वाचला. तुम्ही दोनदा वाचायला लावलात. दुसऱ्या दिवशी भिंतीतून तो धडा जसाच्या तसा ऐकू आला, पुस्तक अर्थातच तुमच्या हातात उघडं. त्या क्षणी मला सगळं कळलं. तुमच्या नजरेनं कधीच दगा दिला होता. जुनं पुस्तक तोंडपाठ, एवढ्यावर शाळा चालली होती. पुढं रोज संध्याकाळी माझे उच्चार तपासणं सुरू झालं. तुम्हाला माहीत होतं की मला माहीत आहे. दोघंही बोललो नाही.

दसरा झाला आणि मीच ऑपरेशनचा विषय काढला. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "आत्ता उजेड दिसतो, दारात माणूस आलेलं कळतं. कापाकापीत तेही गेलं तर मी कुणाच्या भिंतीला टेकून बसू?" तुम्हाला ना बायको, ना मूल. वाचन गेलं तर काय उरणार, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला ऐकू आलं. इंदापूरच्या बाजारात एक सुईवाला बसायचा. डोळ्यात सुई घालून पडदा खाली ढकलायचा आणि जागच्या जागी रोग्याकडून बोटं मोजून घ्यायचा. तुमचं मन तिकडं ओढ घेत होतं, कारण तिथं पडून राहणं नव्हतं. पण आपल्या गावच्या सुताराला त्यानं केलेलं तुम्ही ऐकून होता. पंधरा दिवस दिसलं, मग डोळा सुजला आणि कायमचा अंधार. शेवटी तुम्ही विचारलंत, "त्या उंटाचं चित्र केवढं आहे?" मी म्हटलं, "अर्धं पान." "रंगीत?" "रंगीत." "मग पाहिलाच पाहिजे. उभ्या जन्मात पाहिला नाही."

दिवाळीच्या सुट्टीत बैलगाडीनं बारामतीला गेलो. पुण्याचे डॉक्टर धर्मशाळेत मोतीबिंदू काढायला आले होते. तुमचा उजवा डोळा पिकला होता; तेव्हा पिकल्याशिवाय हात लावत नसत. शेजारच्या खाटेवर डाळजचे एक आबा होते, पंचाहत्तरीचे. ते म्हणाले, "मास्तर, माझं पीक मिरगातच तयार हुतं, ह्यांनी काढणी आत्ता धरली." तुमच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले, आणि तासाभरानं तुम्ही परत आलात ते दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेतलं. आठ दिवस उताणं. मान हलवायची नाही. चावायचं नाही, पेज द्यायची. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही. "आणि हसायचं तर अजिबात नाही. टाका नाही घातलेला. जोराचा एक धक्का, की डोळा गेला."

गुरुजी, ज्या खोलीत तुम्ही आणि डाळजचे आबा, तिथं हसायचं नाही! बाहेर फटाके वाजतायत, फराळाचा वास येतोय, आणि आबा छताकडं तोंड करून म्हणतात, "जिलबी नुसती डोळ्यांनी खाल्ली आसती, पर त्येबी बांधून ठिवल्यात." तुमचा चेहरा दगडासारखा. पण पायाचे अंगठे थरथरायला लागले, तेव्हा मला कळलं, तुम्ही हसू पायाकडून बाहेर काढताय. मी आबांचे पाय धरले. "आबा, तुमी नगा बोलू. ह्यांचा डोळा जाईल." आबा म्हणाले, "मी कुटं बोलतोय? मी आपला जिलबीचं दुःख सांगतोय."

म्हणून मी वाचायला बसलो. जुन्या कविता चालेनात; मी पहिली ओळ म्हटली की तुमचे ओठ हलायचे, आणि तुमच्या आवडत्या नदीच्या कवितेला तर पट्टीची कड ओलावली. तुम्ही बोट उचलून खूण केलीत, नको. मग नवं पुस्तक. रोज दोन-दोन कविता. सहाव्या दिवशी पुस्तक संपलं. तुम्ही ओठ न हलवता म्हणालात, "नवीन वाच."

नवीन नव्हतंच काही. मी पुस्तक उघडं धरलं आणि माझ्या वहीतली कविता म्हणालो.

पाट चालला उन्हाउन्हातुन
माळावरती रेघ निळी
खांद्यावर घेऊन फावडे
बाप उभा अन् सांजवेळी

कुणापुढं म्हटलेली माझी ती पहिली कविता. आबाच आधी बोलले, "आमच्या डाळजला पाट न्हाय. पर ह्यो मला दिसला बगा, पट्टीतनं." तुम्ही खाटेच्या कडेवर बोटानं मात्रा मोजल्यात. मग म्हणालात, "कवी कोण?"

"खाली नाव नाही, गुरुजी."

"म्हणजे नवा दिसतोय. पहिल्या दोन ओळी चांगल्या आहेत. ह्यानं पाट पाहिलाय. शेवटच्या ओळीत एक मात्रा जास्त झाली, ते एक वेळ चालवून घेऊ. पण बाप उभा, सांजवेळ झाली, आणि करतोय काय तो? फावडं घेऊन उभा राहायला तो काय देवळातला द्वारपाल आहे?"

आबांच्या खाटेची दोरी करकरायला लागली. मी घाईनं म्हटलं, "हळू, आबा!"

"कितव्या पानावर आहे?" तुम्ही विचारलंत.

"चाळिसाव्या," मी म्हणालो. तोंडाला आलं ते.

"बरं. दिसायला लागलं की बघतो."

पुढचे तीन दिवस माझे कसे गेले, ते आज सांगायला हरकत नाही. तुमची नजर यावी म्हणून मी रोज पहाटे मारुतीला पाच फेऱ्या घालत होतो, आणि प्रत्येक फेरीला चाळिसावं पान आठवून मोजायला चुकत होतो. नवव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. डोळ्यापुढं बोटं धरली. "किती?" तुम्ही डोळा बारीक केलात. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "गुरुजी, किती बोटं?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "बोटं दोन. पण नखं वाढलीत, डॉक्टर. पट्टी सोडताना टोचली." खोलीभर असं हसू फुटलं! आबा तर पट्टीत असूनही हसले. डॉक्टर हसता हसताच त्यांच्यावर ओरडले.

चष्मा दीड महिन्यानं पोस्टानं आला, बाटलीच्या बुडासारखा जाड. तुम्ही तो शाळेच्या पडवीत बसून चढवलात. आधी माझ्याकडं पाहिलंत.

"अरे, तुला मिशा कधी आल्या?"

"दोन वर्षं झाली, गुरुजी."

"वाईट दिसतात."

मग पान बारा. "हा उंट!" त्या भिंगातून सगळं थोरलंच दिसायचं. तुम्ही पुस्तक लांब धरलंत, जवळ धरलंत, चिमुरडीला हाक मारून तिला पुन्हा दाखवलंत, जणू तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि मग बोट ओलं करून तुम्ही पानं उलटायला लागलात. एकोणचाळीस. चाळीस. चाळिसाव्यावर पोस्टमनचा धडा. तुम्ही मागं गेलात, पुढं गेलात, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलंत. मी हजेरीपटात डोकं खुपसून बसलो होतो.

"पान फाटलेलं दिसतंय," तुम्ही म्हणालात. नवं कोरं, घट्ट शिवलेलं पुस्तक.

"असेल, गुरुजी."

"वाईट झालं." एवढंच. चष्मा काढून तुम्ही धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलात.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना अकराचा पाढा देत होतो. भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला, "पान चाळीस काढा." आणि लगेच तीच चिमुरडी, "गुरुजी, आमच्यात पोस्टमन हाय."

"असू दे. माझ्यात कविता आहे. माझ्यामागनं म्हणा."

आणि तुम्ही ती म्हणालात. एकदाच ऐकलेली, खाटेवर उताणं पडून. तुमच्यामागून तीस-पस्तीस गळे. माझा पाट त्या भिंतीतून माझ्याकडं परत येत होता. माझी पोरं पाढा विसरून तोंडं उघडी टाकून ऐकत होती. आणि शेवटची ओळ वेगळी होती.

पाट चालला उन्हाउन्हातुन
माळावरती रेघ निळी
खांद्यावर घेऊन फावडे
बाप बघे शेते सगळी

मात्रा नेमक्या बसल्या होत्या. आणि बापाला काम मिळालं होतं.

ती कविता कुणाची, हे तुम्ही मला शेवटपर्यंत विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. पुढं तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडं आला, आणि दर वर्षी मी पान चाळीस काढायला लावायचो. पुस्तकं बदलत गेली, पान तेच. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी उभं राहून ती म्हटली. तोवर ती माझी आहे, हे सगळ्यांना कळलं होतं. मीच कळू दिलं होतं. समारंभात एकानं विचारलं, "सर, ही शेवटची ओळ कशी हो सुचली?" मी जरा वर पाहिलं, कवी पाहतात तसं, आणि म्हणालो, "सुचली आपली."

आज पट्टी नाही, काळा चष्मा आहे. थोडा वर सरकवून गच्चीवरून पाहिलं. पाटाला पाणी सोडलंय. डावा डोळा पुढच्या महिन्यात. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून वर पत्ता घातला नाही. घडी करून त्याच उंटाच्या पुस्तकात ठेवतो, चाळिसाव्या पानात. ती ओळ तुमची, गुरुजी. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.