माझा अर्ज स्वीकृत

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.

काल निकाल लागला. आमचे मल्लिनाथअप्पा नगराध्यक्षपदाला दोनशे चौदा मतांनी पडले. मी त्यांचा प्रचारप्रमुख. पडण्यात माझा हात नाही, पण कार्डावर तसं छापलेलं आहे.

राजकारण सोडलं. आजपासून. कायमचं.

मन मोकळं करायला पुढच्या वर्षीची डायरी आजच उघडली. तिच्यात या डिसेंबरची पानं नाहीत, म्हणून 'वैयक्तिक माहिती'च्या पानावर, रक्तगटाच्या शेजारी लिहितोय.

पराभवाचं कारण एकच. इमेज. पक्षाने लातूरहून एजन्सी आणली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी अप्पांना धोतर सोडायला लावून जाकीट चढवलं. मग हाताची घडी. मग मान जरा डावीकडे, नजर भविष्याकडे. चौकात तो फ्लेक्स जिथं लागला, तिथं डावीकडे सार्वजनिक मुतारी आहे. महिनाभर अप्पा तिकडेच आशेने बघत होते.

समोरचा वीरेश. वय चौतीस, काम शून्य. गमबूट घालून नालीत उतरला, मागे म्युझिक लावलं, रील टाकली. नाली अजून तुंबलेलीच आहे. रील चाळीस हजार जणांनी पाहिली. गावात मतदार एकोणतीस हजार.

आणि मी? येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतजेवणाला, अकरा शेतांत जाऊन अप्पांसाठी अकरा वेळा भज्जी आणि आंबील घेतली. आज बूथवारी मतांचे आकडे बघता अकराही घरं वीरेशला गेलेली दिसतात. पोट अजून ठिकाणावर नाही.

२४ डिसेंबर, बुधवार.

दिवसभर दुकानात बसलो. भांड्यांचं दुकान माझ्या नावावर आहे, चालवते बायको. संध्याकाळी मंजुश्री म्हणाली, तुमी घरी जावा, गिऱ्हाईक दारातून परत जायलेत, त्यांना वाटायलंय तुमी वर्गणी मागताव.

त्याला कारण मी नाही. कारण चौकातला, दुकानासमोरचा फ्लेक्स. वीरेशने आभाराचा लावलाय, बारा बाय वीस. 'मंजुश्री मेटल' या पाटीतला फक्त 'मं' दिसतो. वीरेशची नजरही डावीकडेच आहे, थेट आमच्या कुकरांवर.

संकल्प: फ्लेक्समुक्त शहर. आयुष्य यालाच वाहायचं. नगरपरिषदेच्या पोर्टलवर रीतसर ऑनलाइन अर्ज केला की चौकातले सर्व विनापरवाना फ्लेक्स तात्काळ काढावेत. मोबाइल नंबर टाकला. ओटीपी आला. पहिल्यांदाच काहीतरी तत्त्वाचं केल्यासारखं वाटलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

अप्पांकडे गेलो. राजकारणासाठी नाही, सांत्वनाला.

तिथं कळलं ते असं. अध्यक्षपद गेलं तरी आमचे आठ नगरसेवक आलेत. त्यामुळे पक्षाला एक 'स्वीकृत' नगरसेवक मिळणार. म्हणजे निवडून न येता सभागृहात बसायचं. पक्षाने नाव द्यायचं, संपलं. प्रचार नाही, हाताची घडी नाही, भज्जी नाही. याला राजकारण म्हणताच येणार नाही, ही निव्वळ सेवा आहे.

अप्पा म्हणाले, राजशेखर, तिथं तुमच्यासारखा माणूस पायजे बघा. 'सारखा' या शब्दावर मी फार विचार केला नाही.

जागेवरच अर्ज लिहिला, जोडीला बायोडाटा. अनुभवाच्या रकान्यात 'तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या' असं लिहिलं होतं. खोडून 'आसनव्यवस्था' केलं.

२८ डिसेंबर, रविवार.

अर्जाला फोटो लागतो. व्यंकटीच्या डिजिटल दुकानात गेलो. व्यंकटी मूळचा देगलूरचा, मनातला हिशोब तेलुगूत करतो आणि सल्ला मराठीत देतो. गावातले सगळे फ्लेक्स त्याचेच. वीरेशचाही आणि अप्पांचाही. दोघांचं जाकीट एकच आहे, हे त्याने आज मला दाखवलं. खालचं धड तेच, वरचं डोकं बदलतो.

साधा पासपोर्ट फोटो काढ म्हणालो. तो म्हणाला, सेठ, एक घडीवाला भी घेऊन ठेवू, कामाला येतंय. मी ठाम नकार दिला. मग घडी घातली. पोटावर हात बसेनात. घडी पोटाच्या वरी घ्या, म्हणाला. वर घेतली तर हनुवटीला लागायला लागली. शेवटी त्याने तेच जाकीट आणि तेच हात लावले.

मान मात्र मी मुद्दाम उजवीकडे वळवली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३१ डिसेंबर, बुधवार.

नव्या वर्षाचे संकल्प. एक, पक्षाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडणे. दोन, रोज सकाळी विभूती लावून शांतपणे पूजा, मोबाइल बाजूला. तीन, कुणाच्या मागे न फिरणे.

सकाळी ११ वाजता ग्रुप सोडला. निषेधाची ओळसुद्धा लिहिली नाही. नुसता निघालो. चटका लागावा म्हणून.

दुपारी ४. एकाचाही फोन नाही.

सायंकाळी ६. व्यंकटीला विचारलं, ग्रुपवर काय चाललंय. म्हणाला, गुड इव्हिनिंग चाललंय. त्याच्याकडून लिंक घेऊन परत आत गेलो. माझं येणंही कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वीकृतचं नाव ग्रुपवर आधी कळेल, म्हणून गेलो. दुसरं काही नाही.

२ जानेवारी, शुक्रवार.

अप्पांना तिसरा फोन. म्हणाले, वरी बोलणं चालूय. वरी म्हणजे नांदेडला की मुंबईला ते सांगितलं नाही.

दुपारी दुकानात मी वीरेशच्या रीलला शिव्या देत होतो. मंजुश्री चमचे मोजत होती. मान वर न करता म्हणाली की तिने वीरेशलाच मत दिलंय. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, त्यो निदान फोटोसाठी का व्हईना, नालीत उतरला तर. तीस वर्सांत तुमी कुटं उतरलाव?

जेवलो नाही. चहा घेतला, कारण केलेला होता.

ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला तो सभागृहातला मान पाहिजे. त्या सभागृहात मी तीन वेळा खुर्च्या लावल्यात, शेवटची ओळ सरळ यावी म्हणून दोरी धरून. एकदाही बसलो नाही. लावून झालं की दाराशी उभं राहायचं. आता पंचावन्न पूर्ण होतील. एकदा कुणीतरी आतून म्हणावं, या राजशेखरजी, बसा.

एवढंच पाहिजे. बाकी राजकारणाशी माझा संबंध नाही.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११.१०.

झालं!

एसएमएस आला. जसाच्या तसा उतरवतो: 'प्रिय नागरिक, आपला अर्ज स्वीकृत करण्यात आला आहे. लवकरच कार्यवाही होईल. मुख्याधिकारी.'

स्वीकृत!

चार वेळा वाचला. चष्मा पुसून पाचव्यांदा. अप्पांना फोन लावला, बंद. बैठकीत असतील बिचारे, माझ्यासाठीच भांडत असतील.

मंजुश्रीला दाखवला. ती म्हणाली, नीट वाचा की, अर्ज स्वीकृत हाय, तुमी न्हाई. तिला समजावलं की प्रशासकीय भाषा अशीच असते, माणसाचं नाव कधी थेट घेत नाहीत. ती म्हणाली, मग कार्यवाही काय करणार हायेत तुमच्यावर? तिला म्हणालो, शपथविधी.

सायंकाळी ५. व्यंकटीकडे गेलो. फ्लेक्समुक्तीचा विचार घराघरांत पोचवायचा तर एक फ्लेक्स लागणारच, हे मला वाटेतच पटलं होतं. घडीवाला फोटो कामाला आला. मजकूर: 'स्वीकृत नगरसेवकपदी निवड झाल्याबद्दल मा. श्री. राजशेखर सेठ यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे छोटे फोटो लागतात. व्यंकटीने विचारलं, शुभेच्छुक कोण? बराच वेळ आठवलं. शेवटी 'असंख्य मित्रपरिवार' लिहिलं आणि त्याने कॉम्प्युटरमधून नऊ अनोळखी डोकी टाकली. त्यातलं एक आंध्रातल्या कुणाचं तरी आहे, म्हणाला, पण इकडं वळखणार न्हाई कोणी.

साइझ बारा बाय वीस. वीरेशच्या वरून, जरा सरकवून लावला. आता पाटीतला 'मं'सुद्धा दिसत नाही.

७ जानेवारी, बुधवार.

आयुष्यातला सुंदर दिवस.

सकाळपासून माणसं. शेजारच्या किराणावाल्याने शाल घातली. मी पेढे वाटले. आमच्या गल्लीतल्या कावेरीबाई, ज्या मला कधी बसा म्हणत नाहीत, त्या स्वतः आल्या आणि नालीचं गाऱ्हाणं सांगितलं. मी म्हणालो, बघतो. 'बघतो' म्हणताना आवाज आपोआप खाली जातो, हे आज कळलं. दुसरा म्हणाला, नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. त्यालाही बघतो म्हणालो. एकूण सतरा बघतो झाले.

अप्पांचा फोन अजून बंद.

मंजुश्री आज कमी बोलली. कावेरीबाईंचं गाऱ्हाणं मात्र तिने एका कागदावर लिहून मला दिलं. कागद जाकिटाच्या खिशात ठेवला. जाकीट नवीन आहे.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.

नगरपरिषदेची गाडी दुकानासमोर थांबली. मला वाटलं, सभेला न्यायला आले. जाकीट घालून फूटपाथवर आलो. गाडीतून मुकादम नागप्पा उतरले, मागे शिडी उतरली.

नागप्पा जुने ओळखीचे. सभागृहात मी खुर्च्या लावायचो तेव्हा ते मोजून घ्यायचे. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, सेठ, राग मानू नका, वरून आदेश हाय. मग माझा फ्लेक्स सोडायला लागले.

मी म्हणालो, फक्त माझाच? वीरेशचा? नागप्पा म्हणाले, त्याला परवाना हाय, हे बघा शिक्का. अप्पांचा? त्याला बी हाय, अप्पांनीच दोन्ही पार्ट्यांचे परवाने एकदम काढून घेतले होते. अख्ख्या चौकात विनापरवाना एकच हाय, सेठ.

तक्रार कुणाची, असं मी जरा वरच्या आवाजात विचारलं. गर्दी जमली होती. नागप्पांनी कागद माझ्यापुढे धरला. बोट ठेवलं. अर्जदार: माझं नाव. खाली माझा मोबाइल नंबर.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहितो. तक्रार निकाली निघाली की तक्रारदाराची सही लागते. 'माझे पूर्ण समाधान झाले आहे' अशी ओळ छापलेली असते. नागप्पांनी पेन दिला. त्यांची नोकरी आहे, त्यांना कागद पूर्ण करावा लागतो. सही केली. कावेरीबाई बघत होत्या.

नागप्पांनी फ्लेक्स व्यवस्थित गुंडाळून दुकानात ठेवला. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. शाल किराणावाल्याला परत द्यावी का, हा प्रश्न आहे.

१२ जानेवारी, सोमवार.

सभा झाली. स्वीकृत नगरसेवक: मल्लिनाथअप्पा. स्वतः. पुढच्या दाराने पडले, मागच्या दाराने आत गेले.

दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, राजशेखर, पक्षाचा लई आग्रह पडला, मी न्हाईच म्हणत होतो. मग म्हणाले, सायंकाळी सत्कार ठेवलाय, बसायचं तेवढं बघताव ना? नाही म्हणायला तोंड उघडलं. 'किती वाजता' असं बाहेर पडलं.

गेलो. सतरंज्या अंथरल्या. लोक आले, अप्पा आले, वीरेशही आला. दोघांनी एकमेकांना हार घातले आणि व्यंकटीने फोटो काढला. मी दाराशी होतो.

वाईट वाटलं. थट्टा नाही, खरंच वाटलं. घरी आल्यावर मंजुश्रीने गरम भाकरी वाढली. जेवताना तिने सांगितलं की नालीचा कागद ती उद्या स्वतः नेऊन देणार आहे, जाकिटाच्या खिशातून तिने काढून घेतलाय. मी म्हणालो, कुणाला देणार? म्हणाली, ज्याचं दार उघडं असंल त्याला.

राजकारण सोडलं. या वेळी खरंच.

१८ जानेवारी, रविवार.

मंजुश्रीचा भाऊ संगमेश मुखेडकडून आला होता. तुरीची रास शेतात पडलीय, आभाळ आलंय, झाकायला काही हाय का म्हणाला. मंजुश्रीने मला न विचारता फ्लेक्सची गुंडाळी त्याच्या गाडीत टाकली. मीही अडवलं नाही. घरात जागा नाही.

सायंकाळी त्याने फोटो पाठवला. रास पूर्ण झाकलीय. मी आडवा पडलोय, हाताची घडी घालून, उजवीकडे बघत. पोटावर चार दगड ठेवलेत, वाऱ्याने उडू नये म्हणून. अनोळखी नऊ जणांपैकी दोघं चिखलात गेलेत.

मागोमाग फोन आला. दाजी, माल लई दणकट हाय, थेंब आत गेला न्हाई, शेजारी समदे इचारायलेत. अजून एखादा निघणार हाय का तुमचा?

मी म्हणालो, बघतो. झेडपीचं इलेक्शन लागू दे.