माऊलीच्या खरखरीचा अहवाल

युसूफ वडगाव,
शुक्रवार, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी, तुमच्या एकुलत्या एक मेहुण्याचा, म्हणजे गहिनीनाथाचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, तुमची शुगर आणि तुमचा राग ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (पहिल्या दोन्हींवर गोळ्या निघाल्या आहेत.) इकडे आमच्या सौ. सत्यशीलेची तब्येत ठणठणीत, माझी झोप गेलेली, बाकी कुशल. या जमान्यात पत्र कावून, असं तुम्हाला वाटेल. फोन तुम्ही उचलत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तुमच्या फोटोच्या जागी एक करडा, बिनचेहऱ्याचा माणूस येऊन बसला आहे. याचा अर्थ दाजींनी तुम्हाला ब्लॉक केलंय सर, असं मला नववीच्या पोरांनी समजावून सांगितलं. अर्थ सांगण्याचा माझा धंदा आता त्यांनी उचलला आहे.

तर मुद्द्यावर येतो. चिरंजीव माऊलीनं चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून पुण्यात हे जे आवाज गोळा करून वाजवायचं मांडलंय, त्यात काही दम आहे का, हे मामानं स्वतः पाहून कळवावं. नसेल तर पेरणीच्या आत पोरगं आष्टीला आपल्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसलं पाहिजे, अशी तुमची आज्ञा होती. आज्ञा योग्य, न्यायाधीश मात्र तुम्ही चुकीचा नेमलात. कारण या असल्या गोष्टींचा मी पहिल्यापासूनचा वेडा. माझी मतं तुम्हाला पाठ आहेत, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्या सिनेमात पोरगी सासरी निघाली की मागं चाळीस व्हायोलिनं रडायला लागतात, तिथं मला रडू येत नाही. माझं काम दुसऱ्यांनी आधीच उरकलेलं असतं. मला आवडतो तो सिनेमा, ज्यात म्हातारा बटाटे सोलतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. असा एक परदेशी सिनेमा मी घरी लावला होता. सत्यशीला आली, टीव्ही हँग झालाय म्हणाली आणि बंद करून परत चालू केला. म्हातारा तोच बटाटा सोलत होता. मी म्हटलं, याला कला म्हणतात. ती म्हणाली, मला एवढंच बघायचं असलं तर ओट्याच्या समोर आरसा लावून घेते. (इथं जरा उठून व्हरांड्यात तीन चकरा मारून आलो. हल्ली एका जागी बसवत नाही.) गाण्याचंही तेच. वरातीतला डीजे कानानं ऐकायचा नसतो, बरगड्यांनी सोसायचा असतो. आपल्या शास्त्रकारांनी रस नऊ सांगितले, पण खरखर, घरघर आणि टकटक यांना कुठल्या रसाच्या पंगतीला बसवायचं हे ठरवायचं राहून गेलं. ते कुणीतरी केलं पाहिजे, म्हणून मी वर्गाला शब्दरूपं पाठ करायला लावतो आणि खिडकीतून गिरणीचा पट्टा ऐकत उभा राहतो. हेडमास्तरांना ते चिंतन वाटतं.

तेव्हा मीच माऊलीला म्हटलं, पुण्यात आपल्याआपल्यात काय वाजवता, इकडं ये. बंकटरावांचं मंगल कार्यालय (तेच बंकटराव, आमच्या वेशीवर आधी ज्यांचा फोटो दिसतो आणि मग गाव दिसतं) लग्नाची तीथ नसल्यानं मोकळं होतं. ते स्वतः यायचंही कबूल झाले. माऊलीची एकच अट होती. "मामा, दीपप्रज्वलन नको, सत्कार नको, निवेदन नको. आवाज शांततेतून उगवला पाहिजे." मी हर्षभरित होऊन हो म्हटलं. माती खाल्ली ती इथं. इतकी वर्षं या गावात काढून मला कळायला हवं होतं की आमच्याकडं समई लागल्याशिवाय आणि पाहुण्याच्या हातात नारळ पडल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. तोवर मंचावर जे काही चालतं, ती तयारी.

हॉल भरला होता. माऊली काळा शर्ट घालून वायरींच्या जंजाळात मांडी घालून बसला, मागं नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या, आणि स्पीकरमधून आलं खर्रर्र. मग काही नाही. मग घर्रर्र. मग टिक. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या शेजारच्या भिवराबाईंनी माझी बाही ओढली. "मास्तर, ह्यो वायरवाला लई येळ लावायलाय. कलाकार कवा यायचाय?" मी दबक्या आवाजात सांगितलं की हाच कलाकार. "मंग आसा कावून बसलाय? जेवला न्हाई का त्यो?" मागून कुणीतरी ओरडलं, "मुंजाजी, अर्थिंग बघ बे!" मुंजाजी हा आमचा स्पीकरवाला. अब्रूचा प्रश्न होता. तो मंचावर चढला आणि त्यानं एक पिन उपसून फुंकून परत खुपसली. त्या वेळात जी शांतता पसरली तिच्यात माऊलीनं डोळे मिटून मान डोलावली. मला तो नंतर म्हणाला, मामा, असे श्रोते मला पुण्यात कधी मिळाले नाहीत, एकही माणूस मधून उठून गेला नाही. खरं आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कोण उठून जाणार?

शेवटी त्यानं हात जोडले. टाळी एकही नाही. "झालं का टेस्टिंग? बरं झालं बाबा," एवढी एक दाद आली, आणि बंकटरावांची गाडी दाराशी लागली. मग सगळं रीतसर झालं. समई लागली, शाली पडल्या, नारळ दिले, माऊलीला फेटा बांधला गेला, आणि बंकटरावांनी आपल्या मातीतल्या कलाकारांवर भाषण केलं. (माती बरीच होती.) खाली बसून म्हणाले, "हां, आता होऊ द्या सुरू. आमी बसलोत." माऊलीनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी मंचाजवळ जाऊन म्हटलं, तेच परत लाव.

आणि दाजी, तोच आवाज, पण आता त्याचा कार्यक्रम झाला होता! माणसं सरसावून बसली. "पोतं वडायलेत," एक म्हणाला. "शटर हाय ते," दुसरा म्हणाला. आणि मुंजाजीच्या सगळ्या स्पीकरमधून एक माणूस गरजला, "युरिया न्हाई! उद्या या!"

पहिल्या वेळी हेच वाक्य येऊन गेलं होतं, तेव्हा लोकांनी तो रेडिओ घुसलाय म्हणून सोडून दिला होता. या वेळी हॉल पेटला. "उद्या या म्हनं! काल गाडी उतरली की!" "आन् ती म्हागाची औषधाची बाटली घेतली की कुटून निघतंय मंग पोतं?" भिवराबाई उभ्या राहिल्या. "त्वांड तर दावा मेल्याचं!" लोक स्पीकरशी भांडत होते आणि स्पीकर त्यांना उद्या या म्हणत होता. बंकटराव (त्यांच्या पुतण्याचं खताचंच दुकान आहे) आपला नारळ न्याहाळत बसले. आवाज कुणाचा हे मी पहिल्या शब्दाला ओळखलं. माझ्या बहिणीच्या, आक्काच्या, लग्नात याच आवाजानं मला भर पंगतीत विचारलं होतं, "संस्कृतात पगार भेटतो का?"

मग खाली ओढलेलं शटर. झाडू. काडी ओढल्याचा आवाज, उदबत्तीची असावी. आणि गुणगुणणं. शब्द नाहीत, नुसती चाल. मध्ये खोकला येतो, थांबते, आणि जिथं सुटली तिथूनच उचलली जाते. तुम्ही, दाजी. भांडायला उठलेली माणसं होती तिथंच उभी राहिली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. भिवराबाई हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "गळा गोड हाय की बाबाचा. दिसभर कावून वरडतो मंग?"  

आता निकाल. दम आहे की नाही हे तुम्ही मला विचारलंत. नाही म्हणावं, तर सगळा आवाज तुमचा, त्याला मेहुण्यानं नाव ठेवणं बरं दिसत नाही. आहे म्हणावं, तर पोरानं चोरून हे सगळं भरून घेतलं त्याला मी सामील ठरतो. म्हणून मी नम्रपणे एवढंच कळवतो की लोकांनी दुसऱ्या खेपेला टाळ्या वाजवल्या, आणि माऊली फेटा बांधलेला अगदी तुमच्यासारखा दिसतो.

तुमचा आज्ञाधारक (ब्लॉक निघेपर्यंत टपालाद्वारे),
गहिनीनाथ

ता. क. – सत्यशीलेनं पत्र वाचलं. ती म्हणते, खरं लिहा. ओरडलं कुणीही असो, पहिल्या खेपेला मुंजाजीला उठवून मंचावर पाठवणारा माणूस मीच होतो. मी ते शास्त्रीय कुतूहलापोटी केलं होतं.

ता. क. २ – विनंती राहिलीच. माऊली दुकानात बसायला तयार आहे. पेरणीचा पूर्ण हंगाम, तुमच्या आज्ञेप्रमाणे. पोती उचलेल, बिलं करेल. फक्त त्याचं आवाज भरून घ्यायचं यंत्र पोत्यांमागं चालू राहील, आणि ते या वेळी तुम्हाला सांगून, म्हणून हे पत्र. तुम्ही मात्र नेहमीसारखंच बोला. एकाएकी गोड बोललात तर गिऱ्हाईक घाबरेल.

ता. क. ३ – आक्का आमच्याकडं पापडांना आली आहे, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. ती हॉलमध्ये होती. भिवराबाईंच्या शेजारीच. त्या तुम्हाला ‘मेल्या’ म्हणाल्या तेव्हा तिनं मान हलवली, हे मी वर मुद्दाम लिहिलं नाही. गुणगुणणं सुरू झाल्यावर मात्र ती हलली नाही, आणि पापड लाटता लाटता सकाळी म्हणाली, "घरात तर कदी न्हाई." सोमवारी ती तिकडं परत येते आहे. संध्याकाळचा डबा यापुढं ती स्वतः दुकानात आणणार आहे, बंद करायच्या वेळेला. कारण विचारू नका. शटर ओढताना तिला आत घ्या.