गुलरुखचा शेवटचा प्रवेश

कल्याण, शेणाळे तळ्याजवळ
मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १८०६

चि. पंढरीस महिपत मुनशी याचे आशीर्वाद.

आम्ही इकडे जसे होतो तसे आहोत. कोपरीला तू, तुळसा आणि घरची मंडळी खुशाल असाल असं धरून चालतो. तुला मोडी लागत नाही म्हणून बाळबोधीत लिहितो आहे, तेही मोठ्या अक्षरांत, खेळातली तुझी नक्कल उतरून द्यायचो तसं. कुठं अडलास तर पुढं पळू नकोस, तीच ओळ पुन्हा वाच. ही सवय मीच लावली आहे तुला.

माझा खोकला या थंडीत परत आला आहे. तुझी कमळाकाकू म्हणते, खोकला नाही, तो तुमचा स्वभाव आहे, जायचा नाही. वालाचं बिरडं केलं की ती अजून एक वाटी जास्त करते आणि मग म्हणते, "कोपरीचा पोर आता कशाला येतोय!" हे ती मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते.

गेल्या सोमवारी कचेरीच्या कामाला ठाण्याला आलो होतो. तलावाच्या काठी तुळसा भेटली. मी ओळख दाखवायच्या आधीच ती पाया पडली. मी सहज विचारलं, पंढरी गातो की नाही हल्ली? तर म्हणाली, "नाय वो दादा. गाव म्हनतंय, भजनाला उभा ऱ्हा. पन ह्ये म्हनतान, माजा ध्यान पक्का नाय, मी मदीच इसरन. चार वर्सां झाली, तोंड उघडत नाय."

मी म्हणालो, "असं होतं गं कधी कधी." आणि चालू लागलो. परतीची आगगाडी वेळेवर मिळाली.

हे पत्र तिथंच संपवावं असं वाटलं होतं. खुशाली कळवली, खुशाली विचारली, झालं. पण काल दोनदा दौत उघडली आणि दोनदा मिटली, तेव्हा काकू म्हणाली, "ज्याच्यासाठी कागद घेतलात ते लिहा." तिला सगळं ठाऊक आहे. तिनं चार वर्षांत माझ्याजवळ एकदाही विषय काढला नाही, हीच तिनं मला केलेली शिक्षा.

पंढरी, बरजोरशेटच्या नाटक मंडळीत आपण दोघे एकाच महिन्यात लागलो, आठवतं? तू अठरा वर्षांचा, मिठागरावरून उठून आलेला, पायांना अजून चिखल. लुगडं नेसून उभा राहिलास आणि गायला लागलास, तेव्हा शेट पान खायचा थांबला. मला घेतलं फारशीसाठी. आमच्या आजोबांनी सुभ्याच्या कचेरीत फारशी कागद वाचले, त्यांच्या नावावर मी मुनशी. सगळ्या मंडळीत फारशी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी.

मग ते इराणी सौदागर आले. बेहजाद-गुलरुखचा खेळ त्यांनी ठाण्याच्या मांडवात हिंदुस्तानीत पाहिला आणि वेडेच झाले. म्हणाले, हाच खेळ आमच्या जबानीत करा, लिहवून आम्ही देतो. मुंबईत आमच्या लोकांना आवडला तर मंडळीला जहाजानं आमच्या बुशहर बंदरात नेतो. शेटनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कसली हलवली, देव जाणे. मला येत होती ती जमिनीच्या सनदांची फारशी, हद्दी आणि सारा यांची. त्या भाषेत कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही, कुणी कुणासाठी झुरत नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू आठवड्यातून तीनदा कोपरीहून कल्याणला यायचास. ओसरीवर बसून ओळ न् ओळ पाठ करायचास. अर्थ विचारायचास तो तुझ्या एकाच रीतीनं: "मुनशीदादा, इथं हसाचा का रडाचा, तेवरा सांग. बाकी माजा मी बगतो." मी सांगायचो. हिंदुस्तानी खेळ पुढ्यात होता, त्याच्यावर बोट ठेवून सांगायचो. पहिले तीन अंक जुळतच होते. तुझं पाठांतर पाहून खेळ लिहून देणारा तो इराणी लेखनिकसुद्धा म्हणाला होता, हा पोरगा शिराजचा दिसतो. तू तेव्हा लाजलास आणि काकूनं तुझी दृष्ट काढली.

शेवटचा अंक आला मुंबईच्या खेळाच्या तीन दिवस आधी, घाईच्या गिचमिड हातात लिहिलेला. निम्मा मला लागला नाही. लागलेल्या निम्म्यात घर दिसलं, हिरवी चादर दिसली, वाजंत्री दिसली. आपल्या हिंदुस्तानी खेळात बेहजाद दारात कोसळतो, गुलरुख त्याचं डोकं मांडीवर घेते, तो डोळे उघडतो आणि लग्नाचे चौघडे झडतात. मी म्हटलं, तेच असणार. त्या लेखनिकाला विचारायला एक पाऊल लागलं असतं. ते टाकलं नाही. मुनशीनं दुसऱ्याला अर्थ विचारायचा?

तू विचारलंस, "हसाचा का रडाचा?"

मी म्हणालो, "हसायचं. पोटभर हसायचं."

बेहजाद होणारा इराणी गडी आला आदल्या दिवशी. तालीम तिसऱ्या अंकापर्यंतच पोचली. पुढचं तुला ठाऊक आहे, पण मी पडद्याआडून काय पाहिलं ते तुला ठाऊक नाही. तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. एक अक्षर न चुकता बोलत होतास आणि हसत होतास, नव्या नवरीसारखा. तो उठेना. त्यांच्या खेळात तो उठणारच नव्हता. तू मात्र तो आता डोळे उघडेल म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत, हसत बसून राहिलास. आधी मागं कुणी खिदळलं, मग सगळं नाटकगृह. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सौदागर उठून निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावरून मला अर्थ लागला. फार उशिरा लागला.

आणि मग आत शेट ओरडला, "मुनशी, तू याला मतलब शिकवला का नाय?"

मी म्हणालो, "शिकवला होता, शेट. पोरगा विसरला."

तू माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं, आता हा तोंडावर सांगेल. सांगायला हवं होतंस. तू डोक्यावरचा केसांचा टोप काढलास, खाली ठेवलास आणि म्हणालास, "दादा सांगतान तर मीच इसरलो आसन."

बुशहर बुडालं. तुला त्याच दिवशी काढलं. मला ठेवलं. मीही पुढं सहा महिन्यांत सोडली मंडळी, पण त्याची फुशारकी मारत नाही.

तू मला सांभाळून घेतलंस असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यात मला एक प्रकारचं बरं वाटायचं, की याला खरं माहीत आहे, कधीतरी हा मला शिव्या देईल आणि आपण मोकळे होऊ. सोमवारी तुळसेच्या तोंडून कळलं, तू खरंच तसं समजतोस. माझ्या शब्दावर तू स्वतःवरचा विश्वास काढून टाकलास.

दोन वर्षं मी इथल्या मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडं बसून फारशी शिकलो. पन्नाशी उलटल्यावर, अलिफपासून. तुझा तो प्रवेश आता मला लागतो. तू मांडीवर त्याला घेऊन जे बोललास ते असं:

"ऊठ, असं मी म्हणणार नाही. तू फार लांबून आलास, दमला आहेस. वाटेवर तुझ्यासाठी अंथरलेली हिरवी चादर आता तुझ्यावर घालते. वाजंत्रीवाल्यांनो, हळू. घरधनी झोपले आहेत."

तिला कळलेलं असतं, पंढरी. ती वेडी नसते, भोळीही नसते. सगळं कळून ती वाजंत्र्यांना थांबा म्हणत नाही, हळू म्हणते. हे तुला एकदा सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मनात येऊन मी मौलवीसाहेबांसमोर रडलो. ते बिचारे समजले, याला व्याकरण जड जातंय.

शेटला आजच्याच टपालानं लिहिलं आहे, काही न झाकता. त्यानं काही करो न करो. पौर्णिमेला तुमच्या गावचं भजन असतं, त्या दिवशी मी कोपरीला येतो. चार माणसांत बोललो होतो, तेव्हा चार माणसांतच परत घेईन. तू उंबऱ्यावरून हाकलून दिलंस तर आवारात उभा राहून सांगेन. नंतर तू गायचं की नाही ते तुझं तू बघ. तेवढं मागायचाही माझा हक्क नाही.

तुला आशीर्वाद देऊन पत्र सुरू केलं, तो हातही आता उचलवत नाही. तुझं पाठांतर पक्कं होतं. तू एकही अक्षर विसरला नव्हतास. एकच गोष्ट विचारली होतीस, तिचं उत्तर चार वर्षांनी देतो आहे.

रडायचं होतं, पंढरी.

तुझा अपराधी,
महिपत
(पुढं मुनशी लिहिलेलं नाही, ते राहून गेलं असं समजू नकोस.)