केतकीचं बाळ, माझी मनू

११ जून, बुधवार
मुलगा आणि सून, निखिल-केतकी, सोनोग्राफीहून दुपारीच परतले. केतकी सरळ आत गेली, चपला पायातच. निखिलने स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. बाळाच्या डोक्यात पाणी आहे, मेंदू नीट तयारच झालेला नाही. मागच्या वेळी दिसलं नव्हतं. आता सहावा महिना सरला. जगलं तर अंथरुणावर. बोलणं नाही, चालणं नाही, फिट्स येणार.

हे सगळं हळू आवाजात. पलीकडच्या खोलीत मनू. माझी लेक, एकोणतीस वर्षांची. अंथरुणावर, बोलणं नाही, चालणं नाही, फिट्स. तिला शब्द कळत नाहीत असं निखिलच नेहमी म्हणतो. मग आज आवाज का उतरवला?

१३ जून, शुक्रवार
केतकीची बंगाली मैत्रीण देबजानी आली होती. वकील आहे. तिने समजावलं की चोवीस आठवडे उलटले की आपल्या डॉक्टरांच्या हातात राहत नाही, मेडिकल बोर्ड लागतं. बाळात मोठा दोष आहे असं बोर्ड म्हणालं तरच अबॉर्शन. धडधाकट बाळ असतं तर इतक्या उशिरा परवानगी मिळणं कठीण.

मी हिंदीत विचारलं, म्हणजे धडधाकटाला राखायचं, आणि माझ्या मनूसारखं असलं तर काढलेलं चालतं?

 केतकी खाली बघत होती. मग देबजानी, मला मावशी मानते ती, म्हणाली, "माशीमा, मलाही हे पटत नाही. बाळात काय कमी आहे ते विचारतात. आईला काय हवंय ते विचारायला पाहिजे."

माझं म्हणणं ते नव्हतं. तिलाही ते कळलं होतं. कायदा दोघींना चुकीचा वाटतो, पण वेगवेगळ्या कारणांनी. चहा तसाच ठेवून गेली.

१५ जून, रवि.
इथल्या मराठी मंडळातल्या नंदाताई आल्या. निखिलनेच बोलावलं असणार. आधी वाटलं पापबिप काढतील. नाही. म्हणाल्या, तूच सांग केतकीला की मोकळी हो. तुझं जे झालं ते त्या पोरीचं नको व्हायला.

माझं काय झालं, असं विचारलं. त्या पिशवी उचलायला लागल्या. मी मनूची पेज ढवळत उभी होते.

पाप म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

१७ जून, मंगळ.
सकाळी मनूला मोठी फिट आली. घामाने न्हाली. अंग पुसून, कपडे बदलून बाहेर आले तर निखिल दारात. रात्रभर झोपला नसावा.

मी म्हटलं, अजून एकदा विचार करा, मी आहे ना. तो म्हणाला, "आई, तू किती वर्षं आहेस? तुझ्यानंतर मनूला मीच बघणार आहे. ते मी कधीपासूनच धरून चाललोय. दोघांना नाही बघू शकत."

कधीच बोलला नव्हता हे. त्याचे बाबा गेले तेव्हाही नाही. खरं तेच बोलत होता. तो ऑफिसला गेला, सेक्टर फाइव्हला, नेहमीच्या बसने.

१९ जून, गुरु.
बोर्ड झालं. सरकारी हॉस्पिटल. मी आणि निखिल बाहेर बाकावर, केतकी एकटी आत. बाहेर आल्यावर आधी टॅक्सीत बसली. मग एकेक सांगितलं. टेबलापलीकडे पाच-सहा जण. एक डॉक्टर म्हणत होते, आता काढलं तरी श्वास घेईल इतकं मोठं आहे, वाढू द्या, उपचार करू. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कसले उपचार? ती समोर बसलेली असताना त्यांची जुंपली.

मग विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का. ही म्हणाली, नणंद आहे, पण तिचं जन्मताना गुदमरल्यामुळे, पोटात असताना दोष नव्हता. तरी त्यांनी लिहून घेतलं.

मनूचं नाव तिने सांगितलं का, ते विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

२१ जून, शनि.
परवानगी आली. आधी पोटातून इंजेक्शन, बाळाचं हृदय थांबवायला. नंतर कळा आणून बाळंतपण. हे केतकीला आज कळलं. तिला वाटत होतं भूल देऊन काढतात.

संध्याकाळी मनूच्या खोलीत आली, स्टुलावर बसली. मी खिचडी भरवत होते.  मग म्हणाली, "आई, मनूच्या वेळी तुम्हाला आधी कळलं असतं तर?"

मनूची हनुवटी पुसली. पुढचा घास दिला.  उत्तर इथेही लिहीत नाही.

२४ जून
झालं. मुलगी.

निखिलला बघवेना, बाहेर गेला. केतकीने बघितली. मग नर्सला म्हणाली, आईंकडे द्या. मी घेतली. अजून गरम होती. डोकं मोठं, बाकी सगळं जागच्या जागी. नखंसुद्धा. नाक निखिलचं.

केतकी माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं माझ्या तोंडावर? जे होतं ते होतं.

२ जुलै, बुध.
केतकीला दूध येतंय. ते थांबायच्या गोळ्या दिल्यात तरी. सारखी ब्लाउज बदलते. देबजानी रोज येऊन बसते, कायद्याचं काही काढत नाही. आज दोघी मिळून गडियाहाटच्या बाजारात जाऊन आल्या, काहीच न घेता.

हॉस्पिटलमधून आल्यापासून केतकी मनूच्या खोलीत एकदाही आलेली नाही. दारावरून जाताना मान वळवते. मी दार ओढून घ्यायला लागलेय. मनूला उकाडा सोसत नाही, तरी.

९ जुलै, बुध.
निखिल म्हणाला, न्यू टाउनला दोघांपुरता फ्लॅट बघतोय. काही महिने तरी. केतकीला मनूकडे बघवत नाही. "राग नाहीये तिला, आई. तुझ्यावरही नाही." मी म्हटलं, माहीत आहे.

जेवताना केतकीने पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाली, रविवारी फ्लॅट बघायला तुम्हीही चला, मनूला थोडा वेळ कामाची लक्ष्मीमासी बघेल. निखिल तिच्याकडे बघतच राहिला. त्यांचं तसं ठरलेलं नव्हतं बहुतेक.

मी विचारलं, खोल्या किती आहेत?

केतकीने निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, बघू.